टेकडीची वेळ

"सत्तावीस," ऋजुता म्हणाली.

संपादकांच्या केबिनबाहेरच्या भिंतीवर नवा टीव्ही लावला होता आणि आम्ही सगळे माना वर करून त्याच्याकडे बघत उभे होतो. टीव्हीवर सिनेमा नव्हता, क्रिकेट नव्हतं. आमच्याच बातम्यांची यादी होती आणि प्रत्येक बातमीपुढे एक आकडा. ती बातमी या क्षणी मोबाइलवर किती जण वाचताहेत, त्याचा. सर्वांत वर एका नटीच्या मोडलेल्या साखरपुड्याची बातमी होती, नऊ हजारांवर. तिच्याखाली सापाने गिळलेली कोंबडी. आणि तळाला, अगदी काठाशी, 'उद्याचं पाणी'. सत्तावीस.

"त्यातले तीन मीच आहे," मी म्हटलं. "टायपिंग बरोबर झालंय का ते बघायला उघडलं होतं."

कुणीतरी हसलं. बर्दापूरकर सर हसले नाहीत. संपादक म्हणून ते वाईट नव्हते, पण वरून मालकांचा फोन आला की त्यांच्या कपाळावर एक शीर उठायची. आज ती उठली होती.

"बोराडेबाई, छापील पेपरातलं दुसरं पान आता निम्मं होणार. जे ऑनलाइन चालेल तेच छापायचं, असा निर्णय झालाय. महिनाअखेरपर्यंत तुमचा चौकोन पाच हजारांवर गेला तर राहील."

"नाही तर?"

"नाही तर काय. महापालिकेचं पत्रक असतंच की. लोक बघतील."

त्या पत्रकावर माळीगल्लीला पाणी यायचं त्या दिवशी प्रत्यक्षात खडकपुऱ्याला यायचं, हे सरांनाही ठाऊक होतं.

आमच्या शहरात तेव्हा पाणी आठव्या दिवशी यायचं. कधी नवव्या. ज्या दिवशी पाणी त्या दिवशी माणसं रजा टाकायची, लग्नाच्या याद्या पुढे ढकलायची, आजारी माणसाला दवाखान्यातून एक दिवस आधी घरी आणायची, कारण त्याच्याजवळ थांबलेल्या माणसाशिवाय घरी भरायला दुसरं कुणी नसायचं. अशा गावात 'उद्या कुठे, किती वाजता, किती वेळ' हा चार बोटांचा चौकोन मी अकरा वर्षं देत होते. दहावीनंतर लग्न झालेली बाई मी. टायपिंग शिकले ते शेजारणीच्या मशीनवर, आणि पेपरात लागले ते दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करायला. हा चौकोन तेवढा माझा होता. त्यावर नाव नसायचं, पण गावात सगळ्यांना माहीत होतं. लोक तो कापून फ्रिजला चिकटवायचे. अकरा वर्षांत त्यात एक वेळ चुकली नव्हती.

ते श्रेय अर्थात लतीफभाईंचं. ते पाणीपुरवठ्याचे चावीवाले. गावभर रस्त्यांच्या पोटात जे व्हॉल्व्ह आहेत ते उघडायची पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून फिरायचे. रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांचा फोन यायचा. "बाई, घ्या लिहून." मी लिहून घ्यायची. पत्रक काहीही म्हणो, पाणी सोडणारा हात ज्याचा, वेळ त्याची.

* * *

ऋजुता पुण्याहून आलेली, तिशीची. ऑनलाइनचं सगळं तिच्याकडे. माझ्यावर तिचा राग नव्हता, उलट जीवच होता, आणि त्याचंच मला जास्त ओझं व्हायचं. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"इंदूताई, आपण वाचवू तुमचा चौकोन. फक्त मथळा बदलायचा. तुम्ही सगळं मथळ्यातच सांगून टाकता. मग लोक उघडतील कशाला?"

"सांगायचंच तर असतं ना पण?"

"उघडल्यावर सांगायचं."

तिने टाइप केलं: 'उद्या तुमच्या नळाला पाणी येणार का? यादीत तुमचं नाव आहे का पाहा!'

आकडा चारशेवर गेला. आणि माझा फोन वाजायला लागला. पहिला माझ्या नणंदेचा.

"वहिनी, हे काय गं? कसली यादी? मी उघडतेय तर आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येतेय. तू मला सरळ सांग, माळीगल्लीला कधी?"

"सकाळी सहा ते आठ."

"मग हे लिहायला काय झालं होतं?"

पुढचे दहा दिवस आम्ही सगळं करून पाहिलं. प्रश्नचिन्ह लावलं. उद्गारचिन्ह लावलं. 'धक्कादायक' लावलं, त्याबरोबर रडणाऱ्या बाईचा फोटो लावला, तो कुठल्या परदेशातल्या बाईचा निघाला. एकदा आकडा अकराशेवर गेला, तेव्हा मी टीव्हीखाली उभी राहून चहा प्यायले. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं होतं. जेवताना डब्यावर नजर नाही, टीव्हीवर. पण पाच हजार काही होईनात आणि महिना संपायला चार दिवस उरले.

त्या दिवशी ऋजुता लॅपटॉप घेऊन जवळजवळ पळतच आली.

"ताई, हे बघा! आपल्या ॲपवर लोक काय शोधतात त्याची यादी काढली. पहिलं काय आहे वाचा."

मी चष्मा लावला. 'टेकडी पाणी कधी'. पुढे तीन हजार दोनशे.

"तीन हजार माणसं एका महिन्यात हे विचारतायत," ती म्हणाली. "मग मी तुमचे जुने चौकोन पाहिले. टेकडी कुठेच नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. का?"

"टेकडीचं देत नाही आपण."

"का पण?"

"लतीफभाई म्हणाले, नका देऊ."

"आणि तुम्ही कारण विचारलं नाहीत?"

विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात. ते म्हणाले होते, "बाई, बाकीचं गाव तुमचं. टेकडी माझ्याकडे राहू द्या." मी पुन्हा विचारलं नाही. लतीफभाई स्वतः टेकडीवर राहायचे. पत्र्याची दोनेकशे घरं, धुणंभांडी करणाऱ्या बायका, हमाल, गवंडी. आपल्या लोकांना हा माणूस चार घागरी जास्तीच्या सोडत असेल आणि ते पेपरात यायला नको असेल, असं मी मनाशी धरून चालले होते. सोडू देत बापडे, असं म्हणून मोठेपणाही घेतला होता. आता ऋजुतासमोर तोच विचार वेगळा दिसायला लागला. अकरा वर्षं आपण एका माणसाच्या सांगण्यावरून दोनशे घरं पेपरातून वगळली की काय?

"गरीब वस्ती आहे म्हणून वगळली असंच वाटेल कुणालाही," ऋजुता हळूच म्हणाली. तिच्या मनात काही वावगं नव्हतं.

पाच वाजता फोन आला. लतीफभाईंनी चार भाग सांगितले, मी लिहिले. मग मी म्हटलं, "लतीफभाई, टेकडीला कधी आहे?"

पलीकडे सायकलची चेन वाजत होती, ती थांबली.

"का हो बाई?"

"पेपरासाठी नाही." हे मी पहिलं खोटं बोलले. एकदा बोलल्यावर पुढचं आपोआप आलं. "माझ्या मावसबहिणीची मुलगी राहते वर. सविता. बाळंतीण आहे, दहा दिवसांची. तिला निरोप द्यायचा होता."

"अरे! बाळंतीण? मग आधी नाही का सांगायचं!" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "उद्याच आहे. दुपारी दोनला सोडतो, साडेचारपर्यंत. तिला म्हणावं उठायचं नाही. मी बघतो काय ते."

"नको, तुम्ही कशाला..."

"बाई, अकरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काही मागितलं."

मी फोन ठेवला. हातातल्या कागदावर चार ओळी होत्या. मी पाचवी लिहिली.

ऋजुताने मथळाही साधा ठेवला, माझ्या मनासारखा: 'टेकडीला उद्या दुपारी दोनला पाणी'. मग ती बातमी तिने गावातल्या तीस हजार मोबाइलवर एकदम पाठवली. माझाही मोबाइल टेबलावर थरथरला.

साडेसहाला आकडा पाच हजारांवर गेला. सातला अकरा हजार. साखरपुडा मोडलेली नटी माझ्याखाली गेली. बर्दापूरकर सर केबिनमधून बाहेर आले, कपाळ सपाट होतं. त्यांनी पेढे मागवले. "बाई, चौकोन राहिला," ते म्हणाले. मी पेढा खाल्ला. दुसरा घरी नेला.

* * *

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी टेकडी चढत होते. ऋजुताला मोबाइलवर घेतलेलं छोटं चित्रण हवं होतं: टेकडीवरच्या बायका, भरलेल्या घागरी, हसरे चेहरे. मे महिना. पायऱ्या तापलेल्या. नळाशी घागरींची रांग आधीच लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी सुभद्राबाई बसल्या होत्या. टेकडीखालच्या आमच्या कॉलनीत माझ्याकडे त्या धुण्याभांड्याला यायच्या, म्हणून ओळख.

"अगं बया! बोराडेबाई, तुम्ही इकडं कुठं उन्हाच्या?"

"आज पाणी आहे ना. पेपरात दिलंय मी. पहिल्यांदाच टेकडीचं आलं. म्हटलं बघून यावं."

मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांचा पदर डोक्यावर जाता जाता हात तिथेच राहिला.

"पेपरात? आमचं?"

"हो. मोबाइलवर पण. कालच. तुम्हाला नाही कळलं?"

"आम्हाला कशाला लागतंय मोबाइलवर? लतीफभाई चढावर सायकलची घंटी मारतो तीनदा. अर्ध्या तासानं पाणी येतं." त्या रांगेकडे वळल्या. "अगं ऐकलं का, पेपरात आलंय म्हणे आपलं."

रांगेतलं बोलणं बंद झालं. एक बाई उठली आणि तिने आपली घागर रांगेतून काढून पुन्हा तिथेच ठेवली, उगाचच.

दोन वाजले. नळ खोकला. आधी हवा, मग लाल पाणी, मग बोटाएवढी स्वच्छ धार. सुभद्राबाईंनी घागर लावली. घागरीचा तळ झाकला जातो न जातो तोच धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. मग थेंब.

त्याच वेळी मला तो आवाज ऐकू आला. खालून. मधमाश्यांचं पोळं उठावं तसा. एक, मग दोन, मग सगळ्या उतारावर पसरत गेलेला. घूंऽऽऽ.

"लागल्या मोटारी," सुभद्राबाई म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"खालच्यांच्या. तुमच्या कॉलनीच्या. आमचा पाइप त्यांच्या अंगणातनंच येतो की वर. एकेकानं चोरून जोड घेतलाय त्याच्यावर." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "रोज मोटार लावून बसता येत नाही त्यांना. पाइपात पाणी नसलं की मोटार जळते. पाणी कधी हे कळायला पाहिजे ना."

चित्रणासाठी काढलेला मोबाइल हातात होता. तो मी पर्समध्ये टाकला.

तेवढ्यात घरांच्या मागून लतीफभाई आले. दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मला पाहून ते हसले.

"अरे बाई, बरं झालं भेटलात! तुमची सविता कुठं राहते हो? सकाळपासून विचारतोय, तीसेक घरं झाली. बाळंतीण कुणी सांगतच नाही. म्हटलं नळाला लवकर नंबर लागणार नाही तिचा, घरीच देऊन यावं."

रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"लतीफभाई," मी म्हटलं, "सविता नाही."

"म्हणजे? गेली का माहेरी?"

"सविता म्हणून कुणी नाहीच."

तेवढ्यात खालचा आवाज त्यांच्या कानात शिरला असावा. त्यांनी मान वळवली, थोडा वेळ ऐकलं, आणि कॅन खाली ठेवले.

"दिलं पेपरात?"

"हो."

"मी म्हटलं होतं ना बाई."

"का ते म्हणाला नव्हतात," मी म्हटलं. इतक्या उन्हात उभी राहूनही मला स्वतःची बाजू मांडायची होती.

"का ते सांगितलं असतं तर कॉलनीवाल्यांची नावं सांगावी लागली असती. तुम्ही तिथंच राहता." त्यांनी दोन्ही कॅन उचलून सुभद्राबाईंच्या घागरीशी ठेवले. "सगळ्यांना तांब्या तांब्या द्या," म्हणाले, आणि चावी खांद्यावर टाकून उतरून गेले. सायकलची घंटी त्यांनी वाजवली नाही.

मी घरी आले तेव्हा आमचे हे अंगणात पाइप गुंडाळत होते. आमच्या मागच्या अंगणात एक जादाचा नळ होता. घर बांधताना प्लंबरने 'असू द्या एक' म्हणून काढून दिलेला. त्याला कधी अचानक पाणी असायचं, बहुतेक वेळा नसायचं. ते कुठून येतं हे मी कधी विचारलं नव्हतं. ह्यांनी त्याला एक मोटार लावून ठेवली होती.

"अगं, कमाल झाली!" हे म्हणाले. "तुझी बातमी वाचली आणि सहज डोक्यात आलं, बघावं तरी. दोनला बटण दाबलं तर धो धो! वरची टाकी भरली, खालची भरली, गाडी धुतली. असली बातमी देत जा की दर वेळेस."

गाडी ओली होती. तिच्याखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि त्यातून एक चिमणी पीत होती.

* * *

पुढचे सात दिवस पाच वाजता फोन आला नाही. मी पत्रकावरून चौकोन भरला. तीन वेळा चुकला. लोकांनी शिव्या दिल्या, पण शिव्या द्यायलाही उघडावं लागतं, त्यामुळे टीव्हीवरचा आकडा वाढतच गेला. सर म्हणाले, "बघा, आता चर्चा होतेय चौकोनाची."

सरांना मी सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, वेळ खरी होती ना? मग आपली चूक काय?"

ऋजुता मात्र दोन दिवसांनी माझ्या टेबलाशी आली आणि बसली नाही.

"ताई, ॲप घेताना लोक आपला भाग निवडतात. मी आत्ता तपासलं. 'टेकडी पाणी कधी' विचारणारे तीन हजार..." ती थांबली. "वकील कॉलनी. शिक्षक कॉलनी. टेकडीवरचे सगळे मिळून नऊ. मी हे आधी बघायला हवं होतं. मी आकडाच बघितला."

"मीही," मी म्हटलं.

आठव्या दिवशी बरोबर पाचला फोन वाजला.

"घ्या लिहून." बाई म्हटलं नाही. खडकपुरा, माळीगल्ली, जुना बाजार, बारा इमाम. मी लिहिलं. ते ठेवतील म्हणून मी वाट पाहिली.

"पाचवं लिहा. टेकडी. उद्या दुपारी दोन ते साडेचार."

"लतीफभाई, टेकडीचं नको. मी नाही छापणार. चौकोन गेला तरी चालेल, खरंच."

"लिहा म्हणतो ना. मोठ्या अक्षरात लिहा. त्या दिवशी मोबाइलवर पाठवलं होतं सगळ्यांना, तसं पाठवा."

मला समजायला थोडा वेळ लागला. सायकलची चेन शांत होती. ते थांबून माझी वाट बघत होते.

"आणि सोडणार कधी?" मी विचारलं.

"ते तुम्हाला कशाला पाहिजे? तुमचं कुणी राहत नाही वर."

फोन बंद झाला.

मी पाचवी ओळ लिहिली. अकरा वर्षांत जाणूनबुजून खोटी लिहिलेली पहिली. ऋजुताने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. मग काही न विचारता तिने ती तीस हजार मोबाइलवर पाठवली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर सकाळी अकरालाच पाणी येऊन गेलं. सुभद्राबाई दुपारी कामाला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, तेही भांडी घासता घासता, मला नाही, भांड्यांनाच सांगितल्यासारखं. आणि अडीच वाजता माझ्या बातमीखाली मोबाइलवर कुणीतरी लिहिलं: 'टेकडीवर दोनला बरोब्बर पाणी आलं. पेपरचे आभार.' नाव होतं सुभद्राबाईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं. तिच्याखाली आणखी चौघींनी हात जोडले होते.

दर आठव्या दिवशी तसंच चाललं. पुढे दोन वर्षांनी टेकडीला वेगळी टाकी झाली आणि चौकोनही बंद पडला, तोवर. लतीफभाई रोज पाचला फोन करायचे, वेळा सांगायचे, ठेवायचे. बाई असं ते मला पुन्हा म्हणाले नाहीत, आणि मी तसं म्हणवून घ्यायला काही केलंही नाही.

त्या पहिल्या खोट्या दिवशी मात्र मी मुद्दाम सुट्टी घेऊन घरी होते. दोनला ह्यांनी बटण दाबलं. मोटार घुमली. आजूबाजूच्याही घुमल्या, सगळी कॉलनी एका सुरात. दहा मिनिटांनी अंगणातून जळका वास आला.

हे हात पुसत स्वयंपाकघरात आले. "जळली," म्हणाले. "पेपरात दोन लिहिलंय आणि पाइपात टिपूस नाही. समोरच्या वकिलांचीही जळली. तुमच्या पेपराचा काही भरवसाच राहिला नाही बघ आता."

मी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"नाही राहिला," मी म्हटलं.